इंजिन बदललेल्या व्हॅनचे आयडलिंग आणि इंजेक्टर : दोष कोणत्या क्रमाने शोधावा

इंजिन बदललेली व्हॅन स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसते चालू असताना (आयडलिंगला), थरथरत असेल, सिग्नलला थांबताना बंद पडत असेल किंवा रेस सोडल्यावर आरपीएम सारखे वर-खाली होत असतील, तर गॅरेजमध्ये पहिला सल्ला बहुधा 'इंजेक्टर साफ करून घ्या' हाच मिळतो. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारे भाग, खराब होतात यात शंका नाही. परंतु मूळ कंपनीची जुळणी असलेल्या गाडीचा नियम इंजिन बदललेल्या गाडीला जसाच्या तसा लावला, की पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. अशा गाडीत एका गाडीचे इंजिन, त्याच गाडीचे किंवा तिसऱ्याच गाडीचे वायरिंग, मूळ व्हॅनची टाकी, मूळ व्हॅनचा गिअरबॉक्स आणि गावातल्या वेल्डरने केलेला सायलेन्सर एकत्र नांदत असतात. दोष यांपैकी एखाद्या भागात असण्यापेक्षा दोन भाग जिथे जोडले गेले तिथे असण्याची शक्यता जास्त असते. म्हणून पुढे दिलेल्या क्रमात इंजेक्टर मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

उदाहरणासाठी मारुती ऑम्नी घेतली आहे. १९८४ साली बाजारात आलेल्या आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलेल्या या गाड्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आजही शाळेची मुले, मंडईतली भाजी, तासगावकडची द्राक्षे आणि मंडपाचे सामान वाहताना दिसतात. मूळ ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन भरलेल्या गाडीसह खंबाटकी किंवा यवतेश्वरचा घाट चढताना दमते, त्यामुळे पत्रा चांगला असलेल्या गाडीत व्हर्साचे १२९८ सीसीचे किंवा जुन्या इकोचे ११९६ सीसीचे चार सिलिंडरचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेले) इंजिन बसवण्याचा मोह अनेकांना होतो. मूळ गाडी कार्ब्युरेटरची असेल तर बदल आणखी मोठा ठरतो, कारण तिच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो, पेट्रोलची नळी कमी दाबाची असते आणि वायरिंगमध्ये ईसीएम (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) हा प्रकारच नसतो.

कामाला लागण्यापूर्वी कागदांकडे एकदा पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. इंजिन बदलाची नोंद आपल्या आरटीओ कार्यालयात, म्हणजे एमएच-११ साठी साताऱ्यात, एमएच-५० साठी कराडला आणि एमएच-१० साठी सांगलीत झालेली आहे का आणि आरसीवरचा इंजिन क्रमांक प्रत्यक्ष ब्लॉकवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे तपासावे. तो जुळत नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. मग आयडलिंग कितीही मऊ असले तरी त्याचा उपयोग नाही.

सुरक्षिततेविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. ऑम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे सीट आणि झाकण उचलून काम करताना पेट्रोलची वाफ थेट केबिनमध्ये साठते. काम मोकळ्या जागेत, सर्व दरवाजे उघडे ठेवून आणि पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवून करावे. पेट्रोलची कोणतीही नळी सोडवण्यापूर्वी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. तरीही नळी सोडताना खाली कापड धरावे.

पहिली पायरी : गाडीत नेमके काय बसवले आहे, हे लिहून काढणे

एका वहीत इंजिन कोणत्या गाडीचे आणि साधारण कोणत्या वर्षाचे आहे, ईसीएमच्या लेबलवरचा पार्ट नंबर कोणता आहे, इंजेक्टरचा रंग आणि त्यांच्यावरचे आकडे काय आहेत, थ्रॉटल केबलचे आहे की इलेक्ट्रॉनिक, पेट्रोलची परतीची नळी आहे की नाही आणि सीएनजी किट बसवले आहे का, एवढे लिहावे. ईसीएम आणि इंजिन एकाच प्रकारच्या गाडीतले नसतील तर पुढची निम्मी तपासणी करण्यात अर्थ नाही, कारण ईसीएम दुसऱ्याच मापाच्या इंजेक्टरसाठी हिशोब करत राहील आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण कधीच जुळणार नाही. चार इंजेक्टरांपैकी एखाद्याचा रंग वेगळा दिसला, तर तो जुन्या बाजारातून 'बसतो ना, मग चालेल' या न्यायाने आलेला असतो.

सांगली-मिरज भागात आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, तो म्हणजे हे इंजिन आणि वायरिंग पुराच्या पाण्यात गेलेल्या गाडीचे तर नाही ना. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेच्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या आणि त्यांचे भाग पुढे भंगारातून फिरत राहिले. इंजिन उघडून, तेल बदलून चालू होते. पण कपलरच्या (वायरींच्या जोडणीच्या) आत शिरलेले गाळाचे पाणी महिनोन्महिने काम करत राहते. संशयित कपलर सोडवून भिंगाने पाहिला तर पिनेच्या मुळाशी हिरवट पांढरी भुकटी दिसते आणि रबरी सीलच्या आत मातीची बारीक रेघ सापडते. असा कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून काही दिवस चालतो, परंतु वायरच्या तांब्यात काळेपणा आत शिरला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा कपलर जोडणे हाच उपाय आहे. ईसीएमचे झाकण उघडून आत तशीच भुकटी दिसली, तर तो ईसीएम चांगला आहे असे गृहीत धरून निदान करू नये.

दुसरी पायरी : तक्रार नीट मांडणे

'गाडी मिसिंग करते' एवढ्यावर निदान होत नाही. दोष थंड इंजिनला येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत येतो की धावती गाडी थांबताना, हेडलाइट किंवा एसी लावल्यावर वाढतो का, सीएनजीवर येतो की फक्त पेट्रोलवर, आणि मुख्य म्हणजे थरथर होताना आरपीएम खरोखर हलतात का, हे पाहावे. गरम झालेल्या अशा इंजिनाचे आयडलिंग साधारण ७५० ते ९०० आरपीएमच्या दरम्यान असते. सकाळच्या पहिल्या सेल्फला ते १२०० ते १५०० वर जाऊन इंजिन तापेल तसे खाली येणे योग्य आहे.

आरपीएम स्थिर असतील आणि तरी स्टिअरिंग थरथरत असेल, तर दोष मिश्रणात नसून माउंटिंगमध्ये असतो. बदललेल्या इंजिनासाठी वेल्डिंगने केलेले ब्रॅकेट पुष्कळदा रबराला हलायला जागाच ठेवत नाहीत, किंवा सायलेन्सरचा पाइप चॅसिसला टेकलेला असतो. इंजेक्टर साफ करून ही थरथर जाणार नाही. पाइप आणि चॅसिस यांच्यात बोटभर अंतर आहे का, हे खाली वाकून पाहणे विनामूल्य आहे.

तिसरी पायरी : बॅटरी, अर्थ (अर्थिंग) आणि मेन रिले

मल्टिमीटर नसेल तर तो आधी घ्यावा. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या वर आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. इंजेक्टर किती वेगाने उघडतो हे त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवर अवलंबून असते. ईसीएम बॅटरीचे व्होल्टेज पाहून ती भरपाई करतो, परंतु ईसीएमला पूर्ण व्होल्टेज मिळत असेल आणि इंजेक्टरपर्यंत गंजलेल्या जोडामुळे दीड व्होल्ट कमी पोहोचत असेल, तर त्याचा हिशोब चुकतो आणि इंजिन पातळ मिश्रणावर (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते.

अर्थची तपासणी अशी करावी. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावावा, मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि लाल वायर इंजिनच्या ब्लॉकवर स्वच्छ जागी धरावी. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर इंजिनचा अर्थ कमकुवत आहे. हीच चाचणी गाडीच्या बॉडीवर आणि ईसीएमच्या अर्थ वायरवर पुन्हा घ्यावी. मूळ ऑम्नीची अर्थची पट्टी नव्या इंजिनला पोहोचत नाही म्हणून ती रंगवलेल्या ब्रॅकेटवर आवळलेली असते, आणि रंगातून वीज जात नाही. रंग खरवडून, जाड तांब्याची नवी पट्टी ब्लॉक, बॉडी आणि बॅटरी या तिघांत टाकली की आयडलिंगच्या बऱ्याच तक्रारी मिटतात.

मेन रिले आणि पंपाचा रिले यांच्याकडे जाणाऱ्या वायरी जिथे जुन्या वायरिंगला पीळ मारून टेप लावून जोडलेल्या असतील, तिथे इंजिन चालू ठेवून वायर हळूच हलवावी. आरपीएम दचकले तर जोड सापडला. तो सोल्डर करून किंवा योग्य क्रिंप करून, वर श्रिंक ट्यूब घालून बांधावा. ऑम्नीत वायरी सीटखालून, उष्णतेजवळून जातात. टेपचा डिंक एका उन्हाळ्यात सुटतो.

चौथी पायरी : कोड वाचणे, आणि ते पूर्ण न मानणे

चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. बदललेल्या गाडीत तो मुळातच न पेटणे फार सर्रास आढळते, कारण जुन्या मीटरमध्ये त्या दिव्याची वायर जोडलेलीच नसते. आधी ती जोडावी. साधा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइल यांवर २०१३ नंतरच्या ईसीएममधले दोषांचे कोड सहसा वाचता येतात. जुन्या ईसीएमसाठी मारुतीचा वेगळा स्कॅनर असलेले गॅरेज शोधावे लागते.

पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०१७२ म्हणजे घट्ट, पी०२०१ ते पी०२०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये दोष, पी०३०० ते पी०३०४ म्हणजे मिसफायर, पी०५०० म्हणजे वेगाचा सिग्नल नाही आणि पी०५०५ ते पी०५०७ म्हणजे आयडल नियंत्रणाची तक्रार. कोड परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि त्यातल्या बहुतेक सेन्सरांचा काही दोष नसतो. दाता गाडीतला (जिचे इंजिन आणले त्या गाडीतला) एखादा भाग, उदाहरणार्थ पेट्रोलच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व, बसवलाच नसेल तर त्याचा कोड कायम राहील. तो वहीत वेगळा नोंदवावा. मात्र पर्ज व्हॉल्वची मॅनिफोल्डवरची (इंजिनात हवा नेणाऱ्या भागावरची) नळी उघडी राहिली असेल, तर तोच पुढच्या पायरीचा विषय आहे.

इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल आणि ईसीएम इमोबिलायझरवाला (ओळखीची चावी नसेल तर इंजिन बंद पाडणारा) असेल, तर पेट्रोल शोधत बसू नये. दाता गाडीची चावी आणि तिचे इमोबिलायझर युनिट सोबत आलेले नाही, असाच त्याचा अर्थ बहुधा निघतो.

पाचवी पायरी : हवा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण आयडलिंगला इंजिन अगदी थोडी हवा घेत असते आणि त्यात बारीक छिद्रातून आलेली चोरटी हवाही मोठा हिस्सा ठरते. जोरात रेस दिल्यावर तीच गळती नगण्य होते. त्यामुळे स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो तो आकडा) दिसत असेल तर ती दोन ठिकाणी पाहावी : स्लोवर अधिक १५ किंवा २० टक्के आणि २५०० आरपीएमवर शून्याजवळ आली, तर हवेची गळती, दोन्हीकडे अधिकच राहिली किंवा रेसवर वाढली, तर पेट्रोलचा पुरवठा कमी, दोन्हीकडे उणे असेल तर इंजेक्टर गळतो, प्रेशर जास्त आहे किंवा तापमानाचा सेन्सर खोटे बोलतो. साधारण १० टक्क्यांच्या आतल्या ट्रिमवर डोके खाजवू नये. २०२५ पर्यंत पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल रूढ झाले आहे, आणि आपल्या जिल्ह्यांतल्या उसापासूनही बनणाऱ्या या इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे एक किलो इंधनाला लागणारी हवा शुद्ध पेट्रोलच्या १४.७ किलोवरून साडेतेराच्या आसपास येते. जुना ईसीएम तो फरक ट्रिम वाढवूनच भरून काढतो.

गळती शोधण्यासाठी कार्ब क्लीनरचा फवारा तापलेल्या सायलेन्सरजवळ मारण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. सीटखालच्या इंजिनला ती धोकादायक आहे आणि मी ती सुचवणार नाही. फवाऱ्याच्या बाटलीत साधे पाणी घेऊन, वायरींना वाचवत, मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर, थ्रॉटल बॉडीच्या जोडावर आणि इंजेक्टर जिथे मॅनिफोल्डमध्ये बसतात त्या रबरी रिंगांवर थोडे मारावे. पाणी छिद्र क्षणभर बुजवते आणि इंजिनचा आवाज बदलतो. त्यानंतर ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत ओढणारी) नळी आणि पर्जची नळी एकेक करून पक्कडीने, कापड मध्ये धरून, दाबावी. ज्या नळीला दाबल्यावर आयडलिंग सुधारते, तिच्या पुढे गळती आहे. दोन वेगवेगळ्या मापांच्या नळ्या एकमेकींत कोंबून वर क्लिप आवळलेली असेल, तर तिथे आधी हात घालावा.

व्हॅक्यूम गेज असल्यास उत्तम, परंतु त्याच्या पुस्तिकेतले आकडे समुद्रसपाटीचे असतात हे लक्षात ठेवावे. तिथे चांगले इंजिन स्लोवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवते. दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक इंच कमी धरावा लागतो. सांगली सुमारे ५५० मीटरवर आणि सातारा ७०० मीटरच्या आसपास असल्याने सांगलीत दोन आणि साताऱ्यात सव्वादोन-अडीच इंच वजा होतात. महाबळेश्वरला, १३५० मीटरवर, साडेचार. साताऱ्यात १५ ते १९ इंचांवर काटा स्थिर असेल तर तो आजार नव्हे. काटा खाली पण स्थिर असेल तर मॅनिफोल्डची गळती किंवा टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलेला असण्याचा संशय घ्यावा. ठरावीक लयीत झटका देत असेल तर एखादा सिलिंडर नीट काम करत नाही. हेच ज्ञान मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) तपासायला उपयोगी पडते : चावी ऑन, इंजिन बंद असताना स्कॅनरवर साताऱ्यात सुमारे ९३ आणि सांगलीत सुमारे ९५ किलोपास्कल दिसले पाहिजेत. १०१ दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग संशयास्पद आहे, मग पुस्तिकेत तो आकडा 'बरोबर' म्हणून छापलेला का असेना.

केबलचे थ्रॉटल असेल तर केबल फार महत्त्वाची. ऑम्नीच्या पेडलपासून नव्या थ्रॉटल बॉडीपर्यंतचा मार्ग वेगळा असतो, आणि केबल ताणून बसवली की थ्रॉटलची पाकळी केसभर उघडी राहते. ईसीएमला पाय पेडलवर असल्यासारखे वाटते, तो आयडल नियंत्रण सोडून देतो आणि आरपीएम ११००-१२०० वर अडकतात. पेडल मोकळे असताना केबलमध्ये थोडी ढील हवी आणि थ्रॉटलचा सेन्सर साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसला पाहिजे. कारखान्यात लाल-पिवळा ठिपका लावून बसवलेला थ्रॉटलचा थांबा-स्क्रू फिरवून आयडलिंग 'सेट' करू नये. ती कार्ब्युरेटरची सवय आहे. थ्रॉटल बॉडीची काजळी मऊ कापड आणि क्लीनर यांनी पुसावी, एवढे पुरे.

सायलेन्सरच्या पाइपला ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ समजतो आणि ईसीएम नाहक पेट्रोल वाढवतो. हाताने वेल्ड केलेल्या फ्लँजवर काळा डाग दिसतोच.

सहावी पायरी : ईसीएमला मिळणारे सिग्नल

गरम इंजिनाचे आयडलिंग खाली येत नसेल आणि धुराला पेट्रोलचा उग्र वास असेल, तर सर्वप्रथम विचारावे : थर्मोस्टॅट जागेवर आहे का? 'आपल्याकडे गरमी जास्त' म्हणून तो काढून टाकण्याची प्रथा एमपीएफआय इंजिनला परवडत नाही. पाणी नुसतेच फिरत राहते, इंजिन ६० अंशांच्या वर नीट जात नाही, आणि ईसीएम ते थंडच आहे असे समजून पेट्रोल वाढवत राहतो. त्यातून ऑम्नीत रेडिएटर पुढे आणि इंजिन त्याच्या मागे सीटखाली असल्याने लांब नळ्यांत हवा अडकते. सेन्सर त्या हवेच्या फुग्यात आला तर पाणी उकळत असतानाही तो कमी तापमान सांगतो. हवा काढून, थर्मोस्टॅट बसवून मगच सेन्सर मोजावा : २० अंशांना साधारण दोन ते अडीच किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम.

वेगाच्या सिग्नलचा दोष हा खास बदललेल्या गाड्यांचा आजार. गिअरबॉक्स जुन्या ऑम्नीचा, केबलच्या स्पीडोमीटरचा ठेवलेला असेल तर ईसीएमला गाडी कायम उभीच दिसते. कराडकडच्या एका शाळेच्या व्हॅनची तक्रार अशी होती, की जागेवर आयडलिंग उत्तम, पण थांब्यावर क्लच दाबून गाडी सरकत आली की इंजिन गप्प. इंजेक्टर आधीच एकदा साफ झाले होते. गाडी थांबताना आरपीएम कसे उतरवायचे हे ईसीएम वेगाच्या सिग्नलवरून ठरवतो, आणि तोच नव्हता. केबलच्या मार्गात बसणारा स्पंदने देणारा सेन्सर घालून त्याची वायर ईसीएमपर्यंत नेल्यावर ती तक्रार थांबली. एसीची आणि हेडलाइटच्या भाराची सूचना देणाऱ्या वायरीही अशाच सुटून राहतात, त्यामुळे भार पडला की आरपीएम सावरत नाहीत.

सातवी पायरी : पेट्रोलचा दाब

चावी ऑन केल्यावर पंप साधारण दोन सेकंद गुणगुणतो. तो ऐकू येणे म्हणजे दाब योग्य असणे नव्हे. रेलवर गेज लावून मोजावे : परतीची नळी असलेल्या जुन्या पद्धतीत बहुधा अडीच ते तीन बार, परतीची नळी नसलेल्या पद्धतीत तीन ते चार बार, आपल्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. परतीच्या पद्धतीत रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर दाब सुमारे अर्धा बार वाढला पाहिजे, आणि त्या नळीत पेट्रोलचा वास असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलेला आहे. इंजिन बंद केल्यावर दाब पाच-दहा मिनिटे बऱ्यापैकी टिकला पाहिजे. झटकन उतरला तर पंपाचा चेक व्हॉल्व, रेग्युलेटर आणि इंजेक्टर या तिघांपैकी एक गळतो. पुरवठ्याची रबरी नळी दाबून धरल्यावर दाब टिकला तर पंपाकडे, परतीची दाबल्यावर टिकला तर रेग्युलेटरकडे पाहावे.

कार्ब्युरेटरच्या व्हॅनमधली जुनी नळी इंजेक्शनच्या दाबाला ठेवणे म्हणजे सीटखाली आग पेटवण्याची तयारी आहे. नळीवर एसएई जे३०आर९ असे छापलेले असावे आणि क्लॅम्प गोल पट्टीचे, दातेरी कडा नसलेले असावेत. जुन्या टाकीतला गंज हा इंजेक्टर तुंबण्याचे मूळ कारण असतो. पश्चिमेकडच्या पावसात, पाटण-महाबळेश्वर भागात, टाकीच्या झाकणाचे रबर गेलेले असेल तर आत पाणी उतरते, इथेनॉल ते शोषते आणि प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे होतात. नेमका तोच थर पंप आधी उचलतो. तळातले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवले तर हे डोळ्यांनी दिसते.

आठवी पायरी : आता इंजेक्टर

प्लग आणि कॉइल यांत दोष नाही याची खात्री केल्याशिवाय इथे येऊ नये. प्लग बाहेर काढून रंग पाहावा, आणि शंका असेल त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याशी बदलून दोष सोबत जातो का ते पाहावे. कॉम्प्रेशनही मोजून घ्यावे. एका सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा पंधरा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर इंजेक्टरला दोष देण्यात अर्थ नाही.

इंजिन स्लोवर ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाजवळ धरल्यास टिक-टिक ऐकू येते. जो गप्प असेल त्याचा कपलर काढून रोध मोजावा. बहुतेक अशा इंजेक्टरांत तो ११ ते १७ ओहम असतो आणि चौघांचा जवळजवळ सारखा यायला हवा. दोन-तीन ओहमचा, कमी रोधाचा इंजेक्टर बसवला गेला असेल तर तो ईसीएमचा ड्रायव्हर जाळू शकतो, म्हणून ताबडतोब काढावा. रोध ठीक असूनही इंजेक्टर गप्प असेल तर कपलरमध्ये नॉइड लाइट, म्हणजे त्यासाठीचा छोटा टेस्ट दिवा, लावून सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला तर सिग्नल येतो आहे आणि दोष इंजेक्टरचा. न लुकलुकल्यास कपलरच्या एका वायरवर चावी ऑन असताना १२ व्होल्ट आहेत का पाहावे, आणि ते असतील तर ईसीएमकडून येणारी अर्थची वायर तपासावी. इंजेक्टरला थेट बॅटरी जोडून 'चालतो का' पाहू नये, कॉइल जळते.

यानंतर बॅलन्स. एकेक इंजेक्टरचा कपलर क्षणभर काढावा. ज्याचा काढल्यावर आरपीएम पडत नाहीत, तो सिलिंडर काम करत नव्हता. इथे बदललेल्या गाडीतली एक गंमत लक्षात ठेवावी. नव्याने ओढलेल्या वायरिंगमध्ये दोन आणि तीन क्रमांकांचे कपलर उलटे लागले तरी इंजिन चालते, फक्त पेट्रोल चुकीच्या वेळी पडते. रस्त्यावर विशेष जाणवत नाही, स्लोवर मात्र इंजिन अडखळते. वायरीचे रंग दाता गाडीच्या आकृतीशी ताडून पाहिल्याशिवाय हा दोष सापडत नाही.

सीएनजी किट असेल तर पेट्रोलच्या इंजेक्टरांची वायर किटच्या इम्युलेटरमधून (गॅसवर असताना ईसीएमला पेट्रोलचे इंजेक्टर जोडलेलेच आहेत असे भासवणाऱ्या भागातून) जाते. पेट्रोलवर दोष असल्यास इम्युलेटर बाजूला काढून मूळ कपलर थेट जोडून चाचणी घ्यावी. वर्षभर गॅसवरच चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर डिंकाने अडकतात. रोज सकाळचे पहिले काही किलोमीटर पेट्रोलवर चालवणे, हा त्यावरचा स्वस्त इलाज.

दोष इंजेक्टरचाच ठरला तर चारही काढून टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणी द्यावेत. दाबाखाली थेंब गळतो का, फवारा शंकूसारखा समान पडतो का आणि ठरावीक वेळात नळ्यांमध्ये साठलेले पेट्रोल सारखे आहे का, या तिन्ही गोष्टी आपल्यासमोर पाहाव्यात. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत पाच-सात टक्क्यांहून अधिक फरक राहिला तर पुन्हा अल्ट्रासोनिकमध्ये घालायला सांगावे. टाकीत ओतायच्या बाटल्यांवर मी पैसे खर्च करणार नाही. इंजेक्टरच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी आणि दोन्ही ओ-रिंग नव्या घालाव्यात. रिंगला इंजिन ऑइलचा थेंब लावून, न पिळता, सरळ दाबून बसवावे. पेट्रोलचा फिल्टर बदलल्याशिवाय आणि टाकी धुतल्याशिवाय साफ केलेले इंजेक्टर परत बसवले, तर तोच गंज पुन्हा त्याच जाळीत येऊन बसतो. जोडणी झाल्यावर इंजिन सुरू न करता चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून दाब येऊ द्यावा आणि प्रत्येक जोडावर कोरडे बोट फिरवून ओल आहे का पाहावी.

बॅटरी काढली गेल्यामुळे ईसीएम आयडलिंगचे शिकलेले आकडे विसरलेला असतो. इंजिन सुरू करून, सर्व भार बंद ठेवून, रेस न देता पूर्ण तापेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे, नंतर हेडलाइट व ब्लोअर लावून तेवढाच वेळ द्यावा. पहिल्या दिवशी आरपीएम थोडे डळमळले तरी लगेच पुन्हा पाना हातात घेऊ नये. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर निघून यवतेश्वरच्या घाटात एक फेरी मारावी, खाली आल्यावर स्लोवर आणि २५०० आरपीएमवर ट्रिम पाहून वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहावी, आणि गाडी थंड होण्यापूर्वी सीट उचलून पेट्रोलच्या जोडांवर एकदा पुन्हा बोट फिरवावे.